गारा येण्याआधी शाळेची किल्ली कुणाकडे?

गारपीट म्हटली की आपलं लक्ष आधी बागेकडे जातं. साहजिकच आहे, द्राक्षात नि डाळिंबात वर्षाचा पैसा अडकलेला असतो. पण उभी बाग उचलून घरात आणता येत नाही. माणसं, जनावरं आणि खळ्यावर आलेलं धान्य मात्र वाचवता येतं. त्याची तयारी आभाळ भरून आल्यावर होत नाही, ती माघ लागायच्या आत व्हावी लागते.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यातल्या 28 जिल्ह्यांना गारांनी झोडपलं. बारामतीजवळच्या माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्यानंतर गारपिटीवर पुस्तिकाही काढली. समुद्रावरून आलेला ओलावा आणि उत्तरेकडचा कोरडा गार वारा यांची गाठ पडते, दुपारी तापलेली जमीन ढगाला वर रेटते, आणि उंचावर थेंबांचा बर्फ होतो. म्हणून गारा बहुधा दुपारनंतरच येतात, आणि आपण नेमके त्या वेळी रानात असतो.

सुरुवात छपरापासून करा. गोठ्याचे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. वारा सुटला की पत्रा तर जातोच, दगडही जनावराच्या पाठीत बसतो. पत्रे हुक-बोल्टने आवळून घ्यावेत, वाशाला तारेने बांधावेत. गाई-म्हशी झाडाखाली बांधू नयेत. गारांबरोबर वीजही असते. ताडपत्री आणि दोर खळ्याजवळच असू द्या, घरात माळ्यावर नको. ज्वारीची कणसं, हरभरा, कडब्याची गंज झाकायला दहा मिनिटं मिळाली तरी नशीब समजा. एकदा गारा सुरू झाल्या की बाग झाकायला कुणी धावू नये. अडकलातच तर घमेलं, पाटी, घोंगडी, जे हाताशी येईल ते डोक्यावर घ्या.

गारा पंधरा-वीस मिनिटांत थांबतात, पण पडलेले खांब उभे राहायला दिवस जातात. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात गोठणारा पाऊस पडला. तारांवर बर्फ साचून मनोरे कोसळले, काही भागांत महिनाभर वीज आली नाही. दूध काढायची यंत्रं बंद, थंड करायची सोय बंद. तिथल्या गोठेवाल्यांना दूध ओतून द्यावं लागलं. आपल्याकडे यंत्रावर दूध काढणारे नि कडबाकुट्टी विजेवर चालवणारे आता गावोगाव आहेत. दोन दिवसांचं पाणी टाकीत, कुट्टी केलेला चारा कोरड्या जागी, चार्ज केलेली बॅटरी आणि हाताने धार काढणारा एक तरी माणूस घरात असावा. दूध संकलन केंद्रावर जनित्र चालू स्थितीत आहे का, हे सभासदांनी आत्ताच विचारावं.

इशारा मिळतो, तो ऐकायची सवय हवी. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देतं. वादळी वाऱ्याला हलक्यात घेऊ नका. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटून सहा जण गेले.

कागदांचंही बघा. 2025 च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. त्यामुळे एकट्याच्या रानावर गारा पडल्या तर पंचनाम्यालाच खरं महत्त्व आहे, आणि सरकारी मदतीला नुकसान किमान 33 टक्के असावं लागतं. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद केलेली असू द्या. जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर प्रकरण अडतं. जनावर दगावलं तर पंचनामा नि डॉक्टरचा दाखला होईपर्यंत पुरू नका.

आता तलाठी, ग्रामसेवक, सरपंच मंडळींसाठी. (पदांची नावं बदलली, कामं तीच आहेत.) आपल्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने. हंगामात ऊसतोड कुटुंबं पाचट-प्लास्टिकच्या कोप्यांत राहतात. आई-बाप फडात, मागे लहान पोरं. गारांपुढे कोपी टिकत नाही. तीच गत मेंढपाळांची. वाडा उघड्या रानात, कोकरं जाळीत. ही माणसं आपल्या मतदार यादीत नाहीत, म्हणून गावाच्या आपत्ती आराखड्यातही नाहीत, हे बरोबर नाही. शाळा नि समाजमंदिर रात्री कुलपात असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे तो तालुक्याला राहतो. पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. कोप्या नि वाडे कुठे आहेत ते कोतवालाने टिपून ठेवावं, मुकादमाचा नंबर घ्यावा, इशारा आला की निरोप कुणी न्यायचा ते ठरवावं. किल्लीची दुसरी प्रत करून गावातच राहणाऱ्या दोघांकडे द्या, आणि त्यांची नावं नि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने नव्हे, रंगाने लिहा.