४० लिटरची बॅग आणि ७ किलोचा काटा

गेल्या दिवाळीनंतर हैदराबादला परत निघताना जळगाव विमानतळावर माझी नवीकोरी बॅग काट्यावर ठेवली. ८ किलो २०० ग्रॅम. मर्यादा ७ ची. दुसऱ्या बॅगेचे १५ किलो आधीच भरलेले. मग मी आईने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा काढला, सोडायला आलेल्या मित्राला गेटवर परत बोलावलं आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, घरी सांगू नको. रात्री आईचा फोन आला, "लाडू पोचले का?" मी म्हटलं, पोचले.

काउंटरवरच्या मुलीचा दोष नाही. नियम तिकिटावर लिहिलेला होता. दोष माझा, आणि ज्यांचे व्हिडिओ बघून मी ती बॅग हप्त्यांवर घेतली, त्यांचाही थोडा आहे.

हे व्हिडिओ तुम्हीही बघता. एक माणूस बॅग उघडतो, चेन सरकवतो, कप्प्यात कप्पा दाखवतो आणि सांगतो की ४० ते ४५ लिटरच्या एका बॅगेत अख्खं आयुष्य मावतं. मावतंही. पण हा ४५ चा आकडा येतो कुठून? अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या हातातल्या बॅगेला २२ × १४ × ९ इंचांचं माप देतात. गुणाकार केला की साधारण ४५ लिटर होतात. आणि तिथल्या बड्या कंपन्या ही बॅग सहसा वजन करून बघत नाहीत. त्यामुळे बॅग बनवणारा तिला जाड कापड, फोम, पट्टे, बकलं बिनधास्त लावतो. पीक डिझाइनची ४५ लिटरची प्रसिद्ध बॅग रिकामीच साधारण २ किलोची आहे.

आपल्याकडे खरा नियम काट्याचा आहे. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंमी, म्हणजे जवळजवळ ४८ लिटर. पण वजन ७ किलो. त्या ४८ लिटरच्या खोक्यात ७ लिटर पाणी भरलं तरी मर्यादा संपते! म्हणजे आपल्याला जागा कमी पडत नाही, वजन कमी पडतं. तरी दुकानात आपण विचारतो, "किती लिटरची?" रिकामी बॅग किती किलोची, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

घरी येऊन दोन्ही बॅगा काट्यावर ठेवल्या. नवी २ किलो. धुळ्यात आग्रा रोडवर घेतलेली कॉलेजची जुनी सॅक ७५० ग्रॅम. फरक सव्वा किलो. लाडवांचा डबाही सव्वा किलोचाच होता. म्हणजे त्या डब्याच्या जागी मी फोम आणि बकलं घेऊन हैदराबादला गेलो.

यावर ठरलेलं उत्तर असतं : कमी न्या ना, दोन टी-शर्ट पुरतात. टी-शर्ट दोनच होते हो! बाकीचं माझं नव्हतंच. आमच्याकडे निघताना आई म्हणते, "लई जाय बापू, तठे काय भेटस?" आणि बॅगेत बिबड्या येतात, कळण्याचं पीठ येतं, लाडू येतात. मसाल्याची पुडी तेवढी चेक-इनमध्ये टाकावी लागते, कारण तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही. एका बॅगेत जगण्याचं तत्त्वज्ञान ज्याला कुणी काही बांधून देत नाही, त्याला सोपं आहे. ते त्याने खुशाल पाळावं. पण डबा नेणाऱ्याला गावंढळ ठरवू नये, आणि आपणही स्वतःला तसं ठरवून घेऊ नये. मला त्या जुन्या सॅकची लाज वाटत होती, म्हणून तर मी नवी घेतली.

शिवाय आपला प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. धुळ्याहून प्रवासी विमान नाही. २०२४ मध्ये फ्लाय९१ने जळगावहून हैदराबाद, गोवा, पुणे सुरू केलं, तेव्हा आमच्यासारख्यांना ते जवळ वाटलं. जवळ म्हणजे पारोळा, एरंडोल करत एसटीने नव्वदेक किलोमीटर. बॅग आधी एसटीच्या रॅकवर कोंबायची, मग रिक्षात मांडीवर धरायची. पुढे विमानही एटीआर-७२, त्याचे वरचे कप्पे मोठ्या जेटपेक्षा लहान. तिथे ताठ पाठीची, फुगलेली बॅग अडते. मऊ सॅक दाबून बसते.

महागड्या बॅगेचं सगळंच खोटं नाही. महिनाभर पाठीवर सामान घेऊन फिरायचं असेल, तर कमरेचा पट्टा आणि चांगली पाठ लागतेच. कंबर दुखणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण वर्षातून तीनदा घरी जाणाऱ्याने ती कशाला घ्यायची? माझ्या जुन्या सॅकची चेन दोनदा गेली, दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या चेन बसवणाऱ्याने तासाभरात बसवून दिली.

तेव्हा बॅग घ्यायला जाल, तर आधी रिकामी काट्यावर ठेवा. किलोच्या आत असेल, चेन धड असेल, खांद्याचे पट्टे नीट शिवलेले असतील, तर घ्या. बाकी कप्पे आई करून देते, पिशव्यांचे.

येत्या अक्षय्य तृतीयेला मी जुनी सॅक घेऊन घरी जाणार आहे. त्या डब्याचं काय झालं, ते आईला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळलं, तर कळू दे.