किनारा सर्वांचा आहे, म्हणूनच तो गाड्यांचा नाही

अमडापूरपासून समुद्र साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या या गावातील बौद्ध स्त्री-पुरुषांना समुद्र ठाऊक आहे तो ६ डिसेंबरचा. शेगावहून किंवा मलकापूरहून खचाखच भरलेल्या रेल्वेत चढायचे, दादरला उतरायचे, तासन्‌तास रांगेत उभे राहायचे आणि चैत्यभूमीवर नतमस्तक व्हायचे. त्या गर्दीत बाजूला जे पाणी दिसते तोच समुद्र. त्याच्याकडे निवांत पाहायला कुणाला सवड नसते आणि तो दिवस त्यासाठी नसतोही.

म्हणून यंदा वस्तीतल्या बायकांनीच ठरवले. २० मार्चला महाडला जायचे, चवदार तळ्याला अभिवादन करायचे, तिथून मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी जायचे आणि परतीच्या आधी दापोली तालुक्यात एक दिवस समुद्रावर काढायचा. भिशीचे पैसे जमले, दोन क्रूझर ठरल्या, भाकरी-ठेचा बांधला आणि आम्ही निघालो. महाड झाले, आंबडवे झाले. तिसऱ्या दिवशी समुद्रावर पोहोचलो आणि तिथे जे पाहिले, त्यावर चळवळीने विचार करावा म्हणून हा लेख.

किनाऱ्यावर उतरण्याची सरळ वाट एका रिसॉर्टच्या कुंपणाला लागून होती. तिथे फाटक, फाटकाला कुलूप आणि शेजारी पहारेकरी. "हा रस्ता फक्त आमच्या पाहुण्यांसाठी," असे त्याने सांगितले. तो बिचारा नोकर, त्याच्याशी काय भांडणार? दुसरी वाट अर्धा किलोमीटर वळसा घालून होती. तिथे पोहोचलो तर वाळूवर चार-पाच जीप गोल गोल फिरत होत्या. एक तर पाण्यातून फवारे उडवत चालली होती आणि आतले तरुण टपातून डोके बाहेर काढून ओरडत होते. म्हणजे पायांनी जाणाऱ्याला कुलूप आणि चाकांनी जाणाऱ्याला मोकळे रान!

आमच्याही पोरांना मोह झाला. "आपली क्रूझर पण खाली घालू. आजीचे गुडघे दुखतात, तिला पाण्यापर्यंत नेऊ," असे ते म्हणाले. कारण खोटे नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या तीन बाया आमच्यात होत्या. गाडीतच वाद सुरू झाला. कुणी म्हणे, जागा सरकारी आहे, आपण कर भरतो, मग कोण अडवणार? कुणी म्हणे, बाकीचे घालतात तर आपणच का मागे राहायचे? तेवढ्यात मासळी वाळत घालणारी एक बाई उठून आली आणि म्हणाली, "भाऊ, गाडी वर ठेवा. माणसं खाली आणा. कालच एकाने माझी अर्धी मासळी चाकाखाली घातली." त्यावर आमच्यातली सर्वांत म्हातारी आजी म्हणाली, "येवढ्या दुरून आलो बापा, समुद्र काय गाडीत बसून पाहू? मले धरा अन्‌ चाला." वाद तिथेच संपला. दोघींनी दोन बाजूंनी धरले आणि आजी चालत पाण्यापर्यंत गेली.

आमच्यापुरता वाद संपला, महाराष्ट्रात तो संपलेला नाही. अलिबाग, काशीद, मुरूडपासून दापोली-गुहागरपर्यंत किनाऱ्यावर गाड्या घालणे हा सुट्टीतला खेळ झाला आहे. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली कोट्यवधींची फेरारी शेवटी बैलगाडीने ओढून काढावी लागली, ते साऱ्या देशाने मोबाईलवर पाहिले आणि हसून सोडून दिले. पर्यटनाच्या नावाने पोट भरणारे म्हणतात, गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार नाही. गाडीवाले म्हणतात, किनारा सार्वजनिक आहे, आम्हाला हक्क आहे. हा 'सार्वजनिक' शब्द आमच्या चळवळीच्या फार जवळचा आहे. त्याचा असा गैरवापर होत असताना आम्ही गप्प बसू शकत नाही.

'सार्वजनिक' या शब्दासाठी आमच्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो पाय चालत तळ्यावर गेले, तेव्हा तळे सार्वजनिक झाले. त्यावर हल्ले झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि तळे खाजगी आहे, वहिवाट आमची आहे, असे म्हणत सनातनी कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे लागली.

ही लढाई फक्त आमचीच नव्हती. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी गावाच्या किनाऱ्यावर काळ्या लोकांना पाय ठेवता येत नव्हता. तिथला वाळूचा किनारा सरकारी पैशाने तयार केलेला, पण समोरचे बंगलेवाले म्हणत, वाळू आमची. २४ एप्रिल १९६० रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या नेतृत्वाखाली सव्वाशेच्या आसपास काळे स्त्री-पुरुष त्या पाण्यात उतरले आणि गोऱ्या जमावाने त्यांना काठ्या-साखळ्यांनी मारले. किनारा सर्वांचा असल्याचे कोर्टाकडून कायम व्हायला १९६८ साल उजाडले. महाड आणि बिलॉक्सी, पाणी वेगळे पण कावा एकच. आधी वाट अडवायची आणि मग मालकी सांगायची.

बाबासाहेबांनी हा अनुभव संविधानात उतरवला. अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही. १९९६ च्या डिसेंबरात एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगल या संपत्तीचे सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. २००९ साली गोव्यात दोना पावलाजवळच्या एका किनाऱ्याकडे जाणारी वाट बड्या हॉटेलने अडवल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा वाट लोकांसाठी मोकळी राहिली पाहिजे, असाच निकाल झाला. म्हणजे कायदा आमच्या पायांच्या बाजूने आहे.

यात हक्क आहे तो माणसाला. चाकाला हक्क कुठेही लिहिलेला नाही. एक माणूस वाळूवर चालला तर दुसऱ्याची जागा कमी होत नाही. एक जीप धावली की शंभर माणसांना बाजूला व्हावे लागते, मायला लेकरू कडेवर उचलावे लागते, मासळी वाळवणारीला चटई गुंडाळावी लागते. ज्याच्या वापराने इतरांचा वापर बंद पडतो, तो वापर सार्वजनिक कसा? महाडच्या सनातन्याने वहिवाट सांगून तळे बळकावले होते, जीपवाला मौज सांगून किनारा बळकावतो. दोघांची जात सारखीच आहे असे आम्ही म्हणत नाही, पण दोघांची समजूत सारखी आहे. जे सर्वांचे आहे ते आधी आपले, असे दोघेही धरून चालतात.

आणि गाडी कुठे जावी, कुठे जाऊ नये, हे ठरवण्यात नवीन काय आहे? आमच्या बुलडाणा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. जमिनी गेल्या त्या इथल्या शेतकऱ्यांच्या. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. शेतमजुराच्या मोटारसायकलला सुरक्षेसाठी रस्ता बंद करता येतो, तर मोटारवाल्याच्या जीपला सुरक्षेसाठी वाळू बंद का करता येत नाही? लोणारच्या विवरात लोक पायीच उतरतात. तो सरोवर २०२० साली रामसर यादीत गेला. तिथे गाडी उतरू द्या, असे कुणी म्हणाले तर आम्ही बुलडाणेकर ऐकून घेऊ का?

वाळूच्या खाली जीव आहे, हे आम्हा विदर्भातल्या माणसांना ठाऊक नव्हते. आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील वेळास गाव कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात. चाकाखाली वाळू दाबली गेली की अंडी फुटतात, आणि चाकोरीत पडलेल्या पिल्लाला वर चढता येत नाही. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला पसरणारी मर्यादवेल वाळू धरून ठेवते. ती चिरडली की पावसाळ्यात वाळू वाहते आणि पाणी गावात शिरते. बंगलेवाला दुसरीकडे जाईल, कोळी कुठे जाईल? केंद्र सरकारने १९९१ साली सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना काढली, २०१९ साली नवी काढली. कासवांच्या विणीच्या जागा आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा तिने सर्वांत नाजूक वर्गात धरले आहेत. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात उत्तम किनारे गोऱ्यांसाठी राखीव होते. तो काळा कायदा १९९० साली गेला आणि २००१ च्या अखेरीस त्याच देशाने किनाऱ्यावर मौजेसाठी गाड्या चालवणेही बंद केले. आधी माणसाला वाट दिली, मग चाकाला आवर घातला. आम्हाला तोच क्रम योग्य वाटतो.

पण बंदीचे सोटे गरिबाच्याच पाठीवर पडतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. हर्णै बंदरात होड्यांवरची मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. ती पोटाची गाडी आहे. जीपवर बंदी घालताना त्या बैलगाडीलाही दंडाची पावती फाडली गेली, तर ती बंदी आम्हाला मान्य नाही. रुग्णवाहिका आणि बचाव पथक यांनाही वाट हवी. आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांचे काय? आमच्या आजीला धरायला दोघी होत्या, सर्वांना असतीलच असे नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली अपंगांसाठी पाण्याच्या दिशेने लाकडी मार्ग बांधला गेला. महिन्याभरातच चक्रीवादळाने तो मोडला आणि तो पुन्हा दुरुस्त केला गेला. असा मार्ग कोकणातील मोठ्या किनाऱ्यांवर का होऊ नये? म्हातारीचे नाव पुढे करून जीप आत घालायची आणि म्हातारीसाठी एक फळी मात्र टाकायची नाही, हे ढोंग बंद झाले पाहिजे.

आमचे म्हणणे म्हणून दुहेरी आहे. प्रत्येक किनाऱ्याच्या तोंडाशी पक्के अडथळे उभारून मौजेच्या गाड्या वरच थांबवा, वाहनतळ ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्या आणि त्याचे उत्पन्न गावाला मिळू द्या. त्याच वेळी किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा मोजून घ्या, त्यांवरची कुलपे काढा आणि 'ही वाट सर्वांसाठी खुली आहे' असा फलक तिथे लावा. नुसती गाडी थांबवली आणि फाटक तसेच ठेवले, तर किनारा रिसॉर्टवाल्यांचा होईल. नुसते फाटक उघडले आणि गाडी सोडली, तर तो जीपवाल्यांचा होईल. दोन्ही केले तरच तो लोकांचा राहील.

शेवटी एक शब्द आपल्याच माणसांना. निळा झेंडा लावलेल्या गाड्याही किनाऱ्यावर दिसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर कचरा झाला की आमच्या गर्दीला नावे ठेवणारी वर्तमानपत्रे जीपवाल्यांच्या धिंगाण्याला साहस म्हणतात, हे खरे. पण म्हणून आपणही तेच करायचे काय? दादरच्या त्या वाळूवर ७ डिसेंबर १९५६ रोजी आपल्या बापाला अग्नी दिला गेला. तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक तिथे पायी जातात. किनाऱ्यावर कसे जावे, हे या देशाला आपण दाखवून दिले आहे. ते कोकणात गेल्यावर विसरू नये.

पुढच्या मार्चमध्ये अमडापूरची माणसे पुन्हा महाडला जाणार आहेत आणि पुन्हा समुद्रावर जाणार आहेत. या वेळी त्या फाटकापाशी आम्ही वळसा घेणार नाही. कुलूप का आहे, हे लेखी विचारणार आहोत. आमच्या गाड्या वरच थांबतील. माणसे खाली जातील.

जयभीम!