शिळ्या माहितीची झाडलोट

शाळांच्या कचेऱ्यांतून, ग्रंथालयांतून व घरोघरीं अलीकडे यंत्रास प्रश्न विचारून उत्तर मिळविण्याचा प्रघात वाढत चालला आहे. पुष्कळांचा समज असा कीं, यंत्राच्या पोटांत जितकी अधिक माहिती घालावी तितकें उत्तर अधिक चांगलें येईल. आम्हांस हा समज घातक वाटतो. माहिती भरणें जितकें अगत्याचें, तितकेंच शिळी झालेली माहिती काढून टाकणें अगत्याचें आहे. कचेरींतील कपाटें निदान दिवाळीच्या सुटींत झाडलीं जातात. ह्या कोठारास सुटीही नाहीं आणि झाडणाराही नाहीं.

अशा पुष्कळ यंत्रांच्या मागें व्हेक्टर डेटाबेस नांवाचें कोठार असतें. कागदपत्रांतील मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास शेंकडों आंकड्यांची एक माळ जोडतात. ज्या तुकड्यांचे अर्थ जवळचे, त्यांच्या माळाही एकमेकींच्या जवळ पडतात. प्रश्न विचारला म्हणजे त्याचीही अशीच माळ होते, व तिच्या अगदीं शेजारचे तुकडे उचलून यंत्र त्यांवरून उत्तर रचतें. विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हा शेजार अर्थाचा असतो, काळाचा नव्हे.

महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचेंच उदाहरण घेऊं. १ मे १९६० रोजीं राज्य स्थापन झालें तेव्हां जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. २०१३ चें भूगोलाचें टिपण ३५ सांगेल, आणि त्या वर्षीं तें खरेंच होतें. जुन्या व नव्या टिपणांतील वाक्यें जवळजवळ तींच. केवळ आंकडा निराळा. म्हणून "जिल्हे किती ?" असें विचारतांच दोन्ही तुकडे सारख्याच तत्परतेनें पुढें येतात. जिल्ह्यांच्या बाबतींत फार तर एक गुण जाईल. परंतु फी-माफीच्या अर्जाची गेल्या वर्षीची मुदत यंत्रानें कोणा पालकास सांगितली, तर त्या घरावर काय प्रसंग येईल !

कोणी म्हणेल, नवें परिपत्रक भरलें कीं जुनें आपोआप पुसलें जाईल. तसें नेहमीं होत नाहीं. समजा, गतवर्षीच्या परिपत्रकाचे २० तुकडे झाले होते व त्यांस अनुक्रमांक दिले होते. यंदाचें परिपत्रक आटोपशीर; त्याचे १२ तुकडे झाले. पहिल्या १२ जागीं नवे बसले, उरलेले ८ जुने जेथल्या तेथें राहिले. आणि मुदतीचें कलम नेमकें शेवटच्या पानावर असावयाचें! तस्मात् एकेक तुकडा वेचीत बसूं नये. त्या कागदाचा सबंध गट एकदम काढावा. पण गट काढावयाचा तर तो ओळखूं आला पाहिजे. मूळ कागदाचें नांव, वर्ष व आवृत्ति हीं प्रत्येक तुकड्यावर भरतेवेळींच लिहिलेलीं असावींत. ज्यानें हें केलें त्याचें काम एका आज्ञेनें होतें. ज्यानें केलें नाहीं त्यानें आंकड्यांच्या माळांकडे पाहत बसावें. माळेवरून वर्ष कांहीं वाचतां येत नाहीं.

काढलें म्हणजे नाहींसें झालें असेंही समजूं नये. शोध जलद व्हावा म्हणून अनेक कोठारांत तुकडे शेजाऱ्यांशीं जाळ्याप्रमाणें जोडलेले असतात. मधला दुवा एकाएकीं तोडला तर वाटा खुंटतात. म्हणून पुष्कळदां तुकड्यावर रद्द झाल्याची खूण करून तो तूर्त लपवितात, आणि खरी झाडलोट मागाहून होते. शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या घरच्या अडचणींची हकीकत अशा तुकड्यांत असेल, तर ती झाडलोट झाली कीं नाहीं हें पालकांनीं अवश्य विचारावें. वैयक्तिक माहिती पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या भारतीय कायद्यानेंही मान्य केला आहे.

ह्यानें इतिहासाची हानि होईल ही भीति आम्हांस पटत नाहीं. मूळ कागद कपाटांत राहतीलच. २०१३ चा भूगोल ज्यास हवा त्यानें तेथें जावें.

कोणता गट, कोणीं व कोणत्या दिवशीं काढला ह्याची मात्र नोंदवही असावी. काढल्यावर पुन्हां तोच प्रश्न विचारून पाहावा. तरीही ३५ हेंच उत्तर आलें, तर एकादी प्रत राहिली आहे काय हें शोधावें. कधीं ती पूर्वीं दिलेल्या उत्तरांच्या सांठ्यांत सांपडते, तर कधीं कोणी तेंच टिपण दुसऱ्या नांवानें भरून ठेविलेलें असतें.