रोहित दिसला नाही तर?

उजनीची सहल ठरली की आपण मुलांना आधीच सांगून ठेवतो, "रोहित बघायला जायचंय." मग रोहित दिसला नाही की सहल वाया गेली, असं मुलांना वाटतं. मला ही पद्धत पटत नाही.

रोहित का दिसला नाही, हाच तर परिसर अभ्यासाचा खरा पाठ आहे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. तो उथळ पाण्यात उभा राहतो आणि चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो, त्यातले बारीक जीव नि शेवाळ खातो. जलाशय काठोकाठ भरलेला असेल तर त्याने उभं कुठे राहायचं? पाणी ओसरून भिगवण, इंदापूर, करमाळ्याकडे चिखल उघडा पडला की थवे उतरतात. म्हणजे चौथीतल्या मुलाने आधी पाणी बघायचं, पक्षी नंतर.

वहीत "आज रोहित नाही, पाणी काठापर्यंत" एवढं लिहिलं तरी ती नोंदच आहे की! काठाला लांब गुलाबी पायांचा शेकाट्या बहुतेक असतोच, त्याचं चित्र काढू द्या. मराठी नावांसाठी आपल्या सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' शाळेत ठेवा.

थवा दिसलाच, तर फोटोसाठी नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका (हे पालकांना जरा जास्तच). उडताना गुलाबी पंख सुंदर दिसतात, खरंय, पण त्यांचं खाणं मोडतं. एकच दुर्बीण असली तरी रांग लावा. मुलं थांबतात.