रसकापूर : नावात कापूर, पोटात पारा

पाऱ्याच्या औषधांची बातमी आली की भारतात दोन छावण्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात. एकीकडे ‘पारा म्हणजे विष’ ही घोषणा. दुसरीकडे ‘पूर्वजांनी पारा शुद्ध केला होता’ हा अभिमान. ज्या पदार्थावरून भांडण पेटले आहे तो नेमका कोणता, हे विचारण्याचे भान मात्र दोघांनाही राहत नाही. ‘रसकापूर’ हा शब्द या गोंधळाचा सर्वांत बोलका साक्षीदार आहे.

मराठी घरात रस म्हणजे आंब्याचा किंवा उसाचा आणि कापूर म्हणजे आरतीच्या तबकातला. रसशास्त्रात ‘रस’ म्हणजे पारा, आणि ‘कापूर’ हे केवळ रूपाचे वर्णन: पांढरा, स्फटिकासारखा, तापवला असता बाष्परूपाने वर जाऊन जमणारा. त्यात कापराचा कणही नसतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात फिरंगरोगावर, म्हणजे आजच्या सिफिलिसवर, रसकर्पूर सांगितलेला आहे. युरोपीय वैद्यकही त्याच रोगावर पाराच देत होते. तिकडचे ‘कॅलोमेल’ हे नाव तर ‘सुंदर’ आणि ‘काळा’ या ग्रीक शब्दांपासून आले असे मानतात, आणि पदार्थ पांढरा! अमोनियाच्या संपर्काने तो काळा पडतो, असा त्याचा खुलासा दिला जातो. पदार्थात काय आहे, हे सांगण्याची तसदी दोन्ही नावांनी घेतलेली नाही.

इथवर गंमत होती. धोका यापुढे आहे. रसकापूर म्हणजे कॅलोमेल, असे काही ग्रंथ सांगतात. काही त्यालाच मर्क्युरिक क्लोराइड म्हणतात. दोन्ही पाऱ्याची क्लोराइडेच, पण कॅलोमेलमध्ये पाऱ्याच्या प्रत्येक अणूमागे क्लोरीनचा एक अणू असतो, तर मर्क्युरिक क्लोराइडमध्ये दोन. एका अणूचा हा फरक क्षुल्लक नव्हे. कॅलोमेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मर्क्युरिक क्लोराइड मात्र सामान्य तापमानाला 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 7 ग्रॅम विरघळते. ते आतड्यांचे अस्तर जाळते आणि मूत्रपिंडे निकामी करते. शिवाय प्रकाशात कॅलोमेलचेही हळूहळू पारा आणि मर्क्युरिक क्लोराइड असे विघटन होते. इतक्या भिन्न पदार्थांना एकच नाव पुरते असे ज्यांना वाटते, त्यांनी परंपरेचा अभिमान बाळगावा. औषध बनवू नये.

अभिमानी छावणीचे आवडते उत्तर असे: ‘पारदकल्प अविद्राव्य असतात, म्हणून निर्धोक.’ हे वर्णन रससिंदूरासारख्या गंधकयुक्त कल्पांचे आहे. त्यात मर्क्युरिक सल्फाइड असते आणि ते पाण्यात जवळपास अविद्राव्य आहे. अविद्राव्य म्हणजे निर्धोक, हे अनुमान सल्फाइडपुरतेही तपासूनच मान्य करावे लागेल. क्लोराइडला तर ते मुळीच लागू पडत नाही. ‘शोधन’ आणि रसायनशास्त्रातील शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कितीही शोधन केले तरी पारा हा पाराच राहतो.

विरोधी छावणीही निर्दोष नाही. मिनामाटाचे उदाहरण देताना तिथला दोष मिथिल मर्क्युरीचा होता, हे ती विसरते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. ही बाब गंभीरच आहे. पण त्या तपासणीने मूलद्रव्ये मोजली होती. पारा कोणत्या संयुगाच्या रूपात आहे, हे तिने सांगितले नव्हते. ते न विचारता मथळे रचणे हीही आळशी विद्याच.

नाव झाकले की माणसे मरतात, हे इतिहासाने पूर्वीच दाखवले आहे. ब्रिटनमध्ये दात येणाऱ्या बाळांना ‘टीथिंग पावडर’ दिली जाई. तिच्यात कॅलोमेल असे, पण नावात पारा नव्हता, म्हणून आईबापांना संशय आला नाही. हातपाय गुलाबी होऊन सुजणाऱ्या, वेदनेने तळमळणाऱ्या बालकांचा ‘पिंक डिसीज’ डॉक्टरांना कित्येक दशके कोड्यात टाकत होता. 1940 च्या दशकाच्या अखेरीस पाऱ्यावर बोट ठेवले गेले. 1954 च्या सुमारास त्या पावडरींतून कॅलोमेल हटले आणि रोगही जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेत 1863 मध्ये लष्कराचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी कॅलोमेल औषधांच्या यादीतून काढले, तेव्हा डॉक्टरच त्यांच्यावर उलटले होते. विषाला देश नसतो आणि दुराग्रहालाही नसतो.

भारतीय कायद्याला हे ठाऊक आहे. औषध नियमांच्या अनुसूची ई (1) मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत पारद, हिंगुळ आणि रसकर्पूर यांची नावे आहेत. अशा द्रव्यांपासून बनलेल्या, पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. मग मराठी, तमीळ किंवा बंगालीच वाचणाऱ्या रुग्णाने काय करावे? आणि ज्याला ती सूचना वाचता आली, त्याला ‘रसकर्पूर’ या शब्दातला पारा दिसावा तरी कसा?

याचे उत्तर परंपरेच्या शत्रूंकडून उसने आणण्याची गरज नाही. प्रफुल्लचंद्र राय यांनी 1896 मध्ये मर्क्युरस नायट्राइटवरील संशोधन प्रसिद्ध केले आणि 1902 व 1909 मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड काढले. जुन्या रसग्रंथांवर त्यांचे प्रेम होते, म्हणूनच त्यांनी ते रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने वाचले. पूर्वजांचा खरा मान त्यांची वाक्ये तपासण्यात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. पारदयुक्त प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर पारंपरिक नावाशेजारी संयुगाचे रासायनिक नाव, प्रत्येक मात्रेतील पाऱ्याचे प्रमाण आणि धोक्याची सूचना रुग्णाच्या भाषेत छापली जावी. ज्याला आपल्या औषधाची खात्री आहे, त्याला हे छापण्यात अडचण नसावी. ज्याला अडचण वाटते, त्याने रुग्णापासून नेमके काय लपवायचे आहे, ते एकदा सांगून टाकावे.