सुई खरखरीत आणि बोलणी हाताला!

दोरा अडकला, पिळातला एखादा धागा सुटून वर आला, की क्रोशाच्या वर्गात पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, तुमचा हात घट्ट आहे, सैल सोडा." दुसरं वाक्य: "नवीन सुई घ्या, जरा महागातली." मैत्रिणींनो, या दोन्ही वाक्यांचा मला राग येतो. पहिल्याने बाई शिकणंच सोडते आणि दुसऱ्याने डब्यात सुयांचा ढीग साचतो. सुईच्या टोकावरून बोट फिरवून बघा, असं मात्र कुणी सांगत नाही.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. कापसाचा पातळ पापुद्रा किंवा जुना नायलॉनचा मोजा सुईच्या डोक्यावरून आणि खाचेतून ओढा. तंतू अडकला तर दोष सुईचा. प्लास्टिकच्या सुईवर साच्याची शिवण राहते, कोरी करकरीत असली तरी. अ‍ॅल्युमिनियमच्या सुईच्या ओठाला कधी धार राहून गेलेली असते, बांबूची शीर निघते. यात हाताचा काय संबंध?

इलाज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: रंगारी वापरतात तो वॉटर पेपर, ४००, ६०० आणि १००० नंबरचा. नंबर वाढेल तसा कागद बारीक. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम पाणी लावून घासायचं, ४०० ने सुरुवात, १००० ने शेवट. खाचेसाठी कागदाची चिंचोळी पट्टी कापून मागेपुढे ओढायची. ओठ फारच धारदार असेल तर आधी बारीक कानशीने कड गोल करा, पण दोन-तीन हात फिरवले की लगेच दोऱ्यावर करून बघा. घासून गेलेला धातू परत लावता येत नाही. शेवटी सुई साबणाने धुवा आणि हे काम ओट्यावर करू नका.

लाकूड-बांबू कोरडंच आणि रेषांच्या दिशेनेच घासायचं. वरून जवसाचं तेल चोळून, पुसून, काही दिवस पूर्ण वाळू द्यायचं. तेलाची चिंधी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकते, पसरून वाळवा. बरेच जण मधमाश्यांचं मेण लावायला सांगतात. आपल्या घरात ते चालत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

"माप बदलेल ना?" ही शंका रास्त आहे. पण माप ठरतं दांड्याच्या जाडीवर. ४ मिमीची सुई म्हणजे ४ मिमीचा दांडा. तेव्हा कागद फक्त डोक्याला, ओठाला आणि खाचेला लावा, दांड्याला नाही. मुलामा दिलेली पोलादी सुई मात्र घासू नका, मुलामा गेला की पावसाळ्यात गंज धरेल. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचा रंग निघाला, तर उघडा धातू पांढऱ्या दोऱ्यावर करडा डाग पाडू शकतो. ती सुई गडद लोकरीसाठी ठेवा.

"एवढ्याशा वस्तूसाठी एवढा खटाटोप?" मी बी. कॉम. आहे, हिशोब मलाही कळतो. तीन कागदांत घरातल्या सगळ्या सुया होतात आणि उरलेला कागद पुढच्या वर्षीही चालतो. उलट नवी सुईसुद्धा शिवणीसकट येऊ शकते. मग तिच्यानंतर तिसरी घ्यायची का?

खरी अडचण पैशांची नाहीच. कानस म्हणजे पुरुषांची वस्तू, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. १८४० च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडच्या बायकांनी क्रोशाच्या लेसवर घरं चालवली. ताठ तार लाकडात किंवा बुचात खोचून, टोक घासून-वाकवून केलेल्या सुया तेव्हा वापरल्या जात. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्यांवर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिलं. परदेशी बाजारात जाणारी लेस विणूनही त्या बायका 'नुसत्या गृहिणी'च धरल्या जात, त्यांचे कष्ट फावल्या वेळचे. आपल्या हत्याराकडे आपणच खेळणं म्हणून बघितलं, तर आपल्या कामाला काम कोण म्हणणार?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हाताला नावं ठेवली, तर आधी कापसाचा पापुद्रा काढा. सुई निर्दोष निघाली, तरच हाताचं बघू.