फुले नकोत, फोन उचला



दरवर्षी 12 मे रोजी परिचारिका दिन आला की आम्हाला गुलाबाची फुले मिळतात आणि 'सेवाभाव', 'त्याग', 'ममता' या शब्दांची खैरात होते. सर्जिकल वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला या कौतुकाचा आता कंटाळा आला आहे. वॉर्डात ज्या गोष्टीने जीव वाचतात, ती परिचारिकेची पारख मात्र कुणी जमेस धरत नाही.

एक उदाहरण घ्या. आतड्याच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, रात्रीचे दोन. वरचे बीपी 112, ताप नाही, ऑक्सिजन लावून सॅच्युरेशन 96. कागदावर सारे ठीक. पण सिस्टरने घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजले, तर श्वास 24 आणि नाडी 104. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या, प्रकृती बिघडत असल्याचा इशारा देणाऱ्या 'न्यूज' तक्त्यात अशा श्वासाला 2, नाडीला 1 आणि लावलेल्या ऑक्सिजनला 2 गुण आहेत. बेरीज 5, म्हणजे तातडीने तपासणी हवीच. शिवाय हात गार पडले आहेत, युरिन बॅग संध्याकाळपासून जेमतेम भरली आहे, पेशंट सारखे पाणी मागतो आहे. हे त्या तक्त्यात नाही, सिस्टरलाच दिसते. आतून रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग सुरू झाल्याची ही चाहूल असू शकते. ती फोन करते. उत्तर येते, "बीपी आहे ना ठीक? मग सकाळी राउंडला बघू."

नर्सने निदान करू नये, असे डॉक्टर मंडळी म्हणतील. कबूल, निदान त्यांचेच. पण खाटेजवळ चोवीस तास असते ती नर्स, तेव्हा बिघाड आधी तिलाच कळणार. फुकटचे फोन वाढतील, हेही खरे मानू. फुकटच्या फेरीत पंधरा मिनिटे जातात. चुकलेल्या फेरीत माणूस जातो.

आमच्या प्रभादेवीहून रुळांपलीकडे परळला, केईएम रुग्णालयात, परिचारिकांनी हल्ल्यात जबर जखमी झालेल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांची 1973 पासून 2015 पर्यंत शुश्रूषा केली. अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर नव्हते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालातही आहे. सर्वांनी त्याला माया म्हटले. माया होतीच, पण कातडी कुठे लाल होते आहे, कूस कधी बदलायची, भरवायचे कसे आणि किती, हे प्रत्येक पाळीत कुणीतरी ठरवत होते. त्या डोक्याचे कौतुक कुणी केले नाही.

म्हणून तीन मागण्या. पहिली, प्रत्येक वॉर्डात असा तक्ता असावा आणि ठरलेले गुण झाले की ठरलेल्या वेळेत डॉक्टरांनी खाटेजवळ यावे. न आल्यास सिस्टरला थेट वरिष्ठांना फोन करता यावा. दुसरी, गुण भरले नाहीत, तरी 'मला पेशंट बरा वाटत नाही' हे तिचे म्हणणे पुरेसे कारण मानून नोंदवले जावे. तिसरी मागणी मनुष्यबळाची. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्री एकटीवर तीस पेशंट टाकले, तर नुसते श्वास मोजायला अर्धा तास लागतो. मग चार्टवर सगळ्यांचा श्वास सरसकट 20 लिहिला जातो.

तिसऱ्या मागणीला पैसा लागेल, भरती लागेल. पहिल्या दोन एका परिपत्रकाने होतात. तेवढे तरी महापालिकेने आपल्या रुग्णालयांसाठी लगेच काढावे.

— एक निवृत्त परिचारिका, प्रभादेवी